एकीचीच पाचवी

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन मला बघून दचकतो. दचकेल नाही तर काय! सकाळी त्यानं मला कठडा धरून, धापा टाकत, एकेक पायरी चढताना पाहिलेलं असतं, आणि थोड्या वेळानं मीच पर्स सावरत रिक्षामागे धावते. वर चढली ती माझी जुळी बहीण, हे त्याला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तो मान डोलावतो, पण नजर माझ्या पायांवरच.

त्याला कशाला बोलू? मलाच तिच्याकडे बघवत नाही. जमिनीवरून उठताना ती आधी ओणवी होते, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रोवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उभी राहते. आणि वर येतो तो चेहरा माझा असतो. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

एका रविवारी आम्ही कर्नाळ्याचा किल्ला चढायला गेलो होतो. पहिल्याच वळणावर ती दगडावर बसली, तुम्ही या जाऊन म्हणाली. आम्ही तिला आळशी म्हणून चिडवलं. पुढे ती घरातच दोनदा पडली तेव्हा चिडवणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, स्नायू झिजतायत, आणि हे जन्मापासूनचं आहे. जुळी म्हणून माझंही रक्त तपासलं. बिघाड माझ्यातही निघाला, अगदी तोच. पाय मात्र ठणठणीत. आईच्या रक्तात काहीच नव्हतं.

तरी आईला कारण ठाऊक होतं. ती उरणकडच्या गावातली. आम्ही जन्मलो तेव्हा बहीण अशक्त म्हणून दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली, मी आईबरोबर घरी आले. पाचव्या रात्री सटवी येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून पाटा पुजून कोरा कागद आणि पेन ठेवतात. आईनं पाचवी पुजली, ती एकट्या माझी. बहीण घरी आली तेव्हा आई तिला दूध पाजायच्या गडबडीत होती, तिची पाचवी राहून गेली. हे तिनं इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. आता रोज एकच धोशा, राहिलेली पाचवी करू, मोठी झाली म्हणून काय झालं.

बहीण म्हणाली, करू दे तिला. मी भडकले. म्हटलं, आई, उगाच स्वतःला खाऊ नकोस, चल डॉक्टरांकडे, तुझी चूक नाही हे त्यांच्याच तोंडून ऐक.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. बिघाड ज्या जनुकात आहे त्याच्या बाईच्या प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची; आमची त्यातली एक बिघडलेली. गर्भ अगदी इवलासा असताना प्रत्येक पेशी दोन्हींतली एक बंद करते, आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तेच पाळतात. कुठली बंद करायची याला नियम नाही, नाणं उडवल्यासारखं. माझ्यात बिघडलेली प्रत जास्त ठिकाणी बंद पडली. बहिणीत चांगली प्रतच बंद पडत गेली. मी विचारलं, का? ते म्हणाले, का असं काही नसतं.

रिक्षात मी तेच मनात घोळवत होते. आम्हाला अजून हातपाय फुटले नव्हते, आम्ही आहोत हे आईलाही कळलं नव्हतं, तेव्हा त्या काळोखात कुणीही बघत नसताना सगळं ठरून गेलं होतं. आणि ती बिघडलेली प्रत माझ्या पायांतही आहेच, कडी लावून बसलेली.

पण आई सुटली, याचा मला आनंद होता. घरी येऊन मी तिला पुन्हा सगळं सोपं करून सांगितलं. पाचवीच्या कितीतरी आधीच ते झालं होतं, ना सटवीनं केलं ना तू.

आई बहिणीच्या पोटऱ्या चोळत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे लिवनारा कोनच नव्हता?"

"कुणीच नव्हतं, आई."

तिनं आधी माझ्या, मग बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं.

"मंग आता मी कोनाच्या पाया पडू?"

बहिणीनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी पाचवीचं सामान मीच बाजारातून आणलं.