थोरल्या जावेची बाटली

अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकही भिंत सरळ नाही, असं छातीठोक सांगणारी एकच बाई मी पाहिली, ती म्हणजे माझी थोरली जाऊ. नवऱ्याच्या नात्यातली नव्हे हं! आम्ही चौघी चित्रं काढणाऱ्या बाया. चित्रं एकत्र करतो, टेम्पोत घालतो आणि गावोगाव प्रदर्शन हिंडवतो. कुणीतरी एकदा विचारलं, तुम्ही एकमेकींच्या कोण? तर ही म्हणाली, "जावा. कला नावाच्या एकाच निकम्म्या बुढ्याच्या घरात पडलो आम्ही. बुढा ना कमावते, ना मरते." तेव्हापासून आम्ही एकमेकींना जाऊबाई म्हणतो आणि भांडतोही अगदी जावांसारख्याच.

थोरलीचा जीव दोन गोष्टींत. एक म्हणजे अर्धी पाण्याने भरलेली, झाकण गच्च लावलेली काचेची चपटी बाटली. ती फ्रेमच्या वरच्या कडेवर आडवी धरायची, आतलं पाणी थांबेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही, आणि मग ओरडायचं, "डावीकडे उचला! अवो, फ्रेम उचला म्हटलं, घर नाही!" गवंड्याची पाणसळ बाजारात मिळते हे सांगून आम्ही थकलो. "त्यातलं पानी आपलं नाही," हे तिचं उत्तर. तिच्या बाटलीत बोदलकशाच्या तलावाचं पाणी असे, माहेरचं. देवरीला सभागृहाच्या चौकीदाराने ती बाटली बघून तिला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "बाई, मोहाची आहे का?" तिने झाकण उघडून थेट त्याच्या नाकाशी धरली. बिचारा इतका हिरमुसला की त्याला चहा पाजावा लागला.

दुसरी गोष्ट म्हणजे सारस. आमच्याकडे धानाच्या बांधीत हे पक्षी उतरतात, माणसाएवढे उंच, लाल मानेचे. तो सारस ती चोचीपासून पायापर्यंत एका रेषेत काढायची, ब्रश न उचलता. आमच्या उद्घाटनाला फीत नसे, दिवा नसे. सगळ्यांसमोर कोऱ्या कागदावर हिने सारस काढला की प्रदर्शन उघडलं. तिरोड्याला पाहुणे घरूनच कात्री घेऊन आले होते. त्यांना म्हणाली, "कात्री आणली ते बरं केलं, चहासाठी दुधाच्या पिशव्या कापायच्या आहेत." पाहुण्यांनी मुकाट्याने दिली. पण ती रेष कागदावरून खाली उतरू लागली तेव्हा तेही कात्री विसरले. मी इतकी वर्षं रंग कालवते आहे, मला तसली एक मान जमली नाही. हेवा वाटायचा मला तिचा, कायले खोटं बोलू?

मग एका खेपेला बाटलीतलं पाणी थांबेना. गोरेगावच्या एका शाळेत ती स्टुलावर चढून बाटली धरून उभी, आणि आत नुसतं हिंदकळतंय. "उजवीकडे उचला." उचललं. "आता डावीकडे." तेही उचललं. धाकटी जाऊ काहीतरी बोलणार होती, मी तिला चिमटा काढला. फ्रेम सरळ होती, हलत होता तो तिचा हात. शेवटी ती खाली उतरली आणि म्हणाली, "या गावची जमीनच हालून राहिली." आम्ही तिघींनी निमूट माना डोलावल्या. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, तेव्हा ती त्यांच्यावरच उखडली, "थरथरायचंच होतं तर डावा होता ना! उजवाच काऊन?" बाहेर आल्यावर आम्हाला दम भरला, "कोणी रडली तर टेम्पोतून उतरवून देईन." रात्रंदिवस तिला एकच घोर होता, हात गेला की सारस गेला. आणि सारस गेल्यावर मागे उरणारी बाई कोण, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

अर्जुनी मोरगावला आम्ही भीत भीत म्हटलं, "जाऊबाई, या वेळी दिवा लावू." तिने अशा काही नजरेने पाहिलं की काडेपेटी परत पर्समध्ये गेली. लोक जमले, तिने ब्रश टेकला, आणि मान सुरू झाली तीच वेडीवाकडी. रेष खालपर्यंत थरथरत गेली, पाय एकमेकांत अडकले. ब्रश मात्र तिने उचलला नाही. टाळी कुणीच वाजवेना. पुढे इटियाडोहच्या कालव्याकडची एक म्हातारी बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "काऊन वो बाई, हा सारस मरून राहिला का?" म्हातारी आपली बोलतच होती, "आमच्या बांधीत एक विजेच्या तारेले लागून पडला होता. असाच थरथरे. मी पानी पाजाले गेली, पन मान धरत नव्हता." जावेने ब्रश खाली ठेवला आणि आपल्या चित्राकडे बघत राहिली. "होय वो माय, मरूनच राहिला," ती म्हणाली. "मंग बरोबर उतरला," म्हणत म्हातारीने उठून तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तरी तो थांबला नाही. त्यानंतर तिने सारस काढला नाही.

आता ती तिरोड्याला घरीच असते. उजवा हात मांडीखाली दाबून बसते. सून घास भरवते, आणि भाजीत मीठ कमी आहे हे प्रत्येक घासाला ऐकून घेते. प्रदर्शन आम्ही तिघीच हिंडवतो, उद्घाटनाला दिवा लावतो. परवा भेटायला गेले तर तो अर्जुनीचा सारस तिच्या खाटेसमोर टांगलेला. मला बघताच म्हणाली, "वाकडा आहे तो." उशाजवळची बाटली माझ्याकडे सरकवली. मी स्टुलावर चढून ती कडेवर धरली.

"पानी थांबलं का?"

थांबलं होतं, धरल्याबरोबर. खोटं बोलणार होते, पण तिला खाटेवरून सगळं दिसत होतं. "थांबलं, जाऊबाई."

ती कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत होती. "किती लवकर थांबते वो तुझ्या हातात," म्हणाली.

मला खाली उतरवेना. तिच्याकडे पाठ करून तिथेच रडू लागले, आणि बाटलीतलं पाणी हललं.

"बघ," ती मागून म्हणाली, "म्हटलं होतं ना वाकडा आहे. उचल डावीकडे."