मार्कर सुबरावांची फळी

माझे सासरे सुबराव कॅम्पातल्या साहेबांच्या क्लबात टेनिसचे मार्कर होते. म्हणजे साहेबाला भिडू मिळाला न्हाय की यांनी भिडू व्हायचं, मडमांना बॅट धरायला शिकवायचं, आणि साहेब हरायला लागला की आपण हळूच हरायचं. शहापुरातल्या आमच्या विणकर गल्लीत घरोघरी माग, आणि हा एकच माणूस पांढरी विजार घालून सायकलवरून कामाला जाणारा. गल्ली हसायची. मी सून असून हसायची, मग गल्लीचं काय!

पुढं लढाई लागली. माझा नवरा जोतिराम सैन्यात मोटार हाकायला गेला आणि आफ्रिकेत मेला. तार आली तेव्हा मी मागासाठी कांड्यांवर सूत भरत होते. हातातली कांडी पुरी भरली, मग उठले. रडले न्हाय. शेजारच्या नागुबाईनं माझे खांदे गदागदा हलवले. "रड गं बाई, न्हाय तर येडी हुशील!" आता हिला कोण सांगणार, रडायला आत काहीतरी हलावं लागतंय. माझ्या आत काहीच हलत नव्हतं. तोंडात भाकरी घातली काय आन् चिंधी घातली काय, सारखंच. सासूबाई आधीच वारलेल्या. घरात मी आणि मामंजी, दोघंच.

लढाईपायी सूत मिळेना झालं. माग बंद पडले. बाप्ये दिवसभर कट्ट्यावर बसून एकमेकांचं डोकं खायचे. एके दिवशी मामंजींनी आमच्या बंद मागाची एक फळी काढली आणि सुताराकडून तिच्या बॅटी कापून आणल्या. आखूड मुठीच्या, बिनतातीच्या. क्लबातले टक्कल पडलेले चेंडू आणून दाभणानं त्यांना भोकं पाडली, म्हणजे ते फार उडू नयेत, कौलं फुटू नयेत. गल्लीत मागाचं उभं सूत, म्हणजे ताणा, पसरायचे खुंट होते, त्यांना आडवी दोरी बांधून तिच्यावर माझं जुनं लुगडं टाकलं. मला विचारलंसुद्धा न्हाय!

"साहेबाच्या बॅटीला मनगट लागतंय," ते कट्ट्यावरच्यांना म्हणाले. "हिला नुसता हात लागतोय. या."

आले सगळे, आणि मामंजींच्या डोक्याला ताप झाला. विणकराचा जन्म मागावर सुताचा धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं करण्यात जातो. धोटा भुईवर पडला की धागा तुटतो, वर शिवी मिळते. आमच्या लोकांनी चेंडूलाही तेच लावलं. समोरच्याच्या फळीवर नीट बसेल असा हळू द्यायचा, त्यानं तसाच परत द्यायचा. पडला की दोघंही हळहळायचे.

"अरं, त्यानं चुकावं म्हणून मारायचं असतंय!" मामंजी ओरडायचे.

"आन् चुकला म्हंजे?" भरमू विणकर विचारायचा. "खेळ थांबला की हो आप्पा!"

त्यात आणखी एक नियम लोकांनीच घालून घेतला. चालता खेळ कुणी सोडायचा न्हाय. घरून हाक येवो, पाव्हणा येवो, चेंडू पडेपर्यंत थांबायचं. चालत्या मागावरून उठल्यागत दिसतंय म्हणे. मामंजींनी कपाळाला हात लावला.

एका संध्याकाळी त्यांनी एक फळी माझ्या हातात दिली. "ऊठ पोरी." उठले. ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं, असे माझे दिवस होते. विधवा बाई पदर खोचून गल्लीत चेंडू मारतीया म्हणून नागुबाईनं बोटं मोडली. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मामंजी माझ्याशी मात्र साहेबी खेळायचे. कोपऱ्यात सपकन मारायचे, मी चुकायची. "बघ, असं!" म्हणायचे. मला बरं वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं आणि माझा भाऊ परशराम, आमचा अण्णा, मला न्यायला आला. तो लोंढ्याला रेल्वेत होता. तरणी पोर, वर सासू न्हाय, एकट्या सासऱ्याच्या घरात कशाला ठेवायची? त्याचं काही चुकत नव्हतं. मामंजी म्हणाले, "बरोबर हाय. न्या." मी म्हणाले, "बरं." मी गेले की त्या घरात चूल पेटवायलाही कुणी उरणार नव्हतं. हे मला कळत होतं, पण कळून काही वाटत नव्हतं.

टांगा गल्लीच्या तोंडाला उभा राहिला. मी बोचकं घेऊन बाहेर आले, तर मामंजी दोरीपाशी दोन फळ्या घेऊन उभे.

"जाता जाता एक डाव खेळू."

"गाडी चुकंल की हो," अण्णा म्हणाला.

"एकच."

पहिला चेंडू आला तो हळू. दुसराही हळू. मला वाटलं, दमलेत. माझा एक वाकडा गेला, ते गटारीपर्यंत धावले आणि चेंडू अलगद माझ्या फळीवर आणून दिला. पुन्हा वाकडा गेला, पुन्हा धावले. टोपी पडली, उचलली न्हाय. कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली.

"अंबू, गाडी!" अण्णा ओरडला.

भरमूनं त्याचा दंड धरला. "चेंडू पडू द्या हो पाव्हणं."

मामंजींचा चेहरा काळानिळा झाला होता. छाती भात्यागत हलत होती.

"सोडा मामंजी," मी म्हणाले. "पडू दे."

"न्हाय," ते धापा टाकत म्हणाले. "पडला की तू जाशील."

तार आल्यापासून पहिल्यांदा मला भीती वाटली. जोतिराम मेला तेव्हा मी कुठं, तो कुठं. हा माणूस माझ्या डोळ्यांपुढं मरायला निघाला होता. चेंडू आला, तो मी हातानं धरला. तसं गल्लीत कुणी करत नसे.

"अण्णा, तू जा. मी न्हाय येत."

"खुळी झालीस व्हय गं?"

"झाले. जा तू."

मी दोरीखालून वाकून पलीकडं गेले. मामंजींचा हात धरला आणि त्यांना आमच्या पायरीवर बसवलं. मग तो हात मी सोडला न्हाय. सुनेनं सासऱ्याचा हात धरायचा नसतो, त्यातून विधवेनं तर न्हाईच. नागुबाई तोंडाला पदर लावून बघत होती. बघ म्हटलं, बघ.