पळून जायची वाट

मी अकोल्याकडून लग्न होऊन मोहाडीजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा देशातली आणीबाणी नुकतीच उठली होती आणि माझी लागू झाली होती. माझं माहेर काळ्या मातीचं, कपाशी-ज्वारीचं. तिकडं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी रुसून बसलेली वस्तू. इकडं मात्र गावाच्या डोक्यावर मोठा तलाव, त्याच्या खाली बोड्या म्हणजे लहान तळी, बोड्यांच्या खाली धानाच्या बांध्या, आणि तिथूनही उरलेलं पाणी आमच्या चुलीजवळच्या भिंतीत. सगळ्या गावाला चिखलाचा आणि वाळत घातलेल्या मासोळीचा वास. माहेरी आम्ही मासोळीचं नावसुद्धा काढत नव्हतो.

नवऱ्याला या सगळ्याचा भारी अभिमान. "पाहून घे, कसं हिरवंगार हाय!"

"हिरवं तर शेणही असते," मी म्हटलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता.

मग रोवणी आली. गावातल्या बाया बांधीत ओणव्या होऊन, देवाला नको ती बाजू दाखवत, धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, चिखलात खोवत मागं मागं सरकतात. मी दोन पावलं मागं सरकले आणि बसले. उठायला गेले ती तोंडावर पडले. बाया इतक्या हसल्या की रोवणी थांबली. पोटरीवर जळू निघाली तेव्हा मी रडले. सासूनं ती चिमटीत धरून फेकली नि म्हणाली, "रगत प्याली तुहं, तिलेच रडू दे."

दसरा झाला आणि मी ठरवलं, बस झालं. नवरा तुमसरला गेला होता. सासरे गावच्या रस्त्यावरच्या पारावर बसून असत, म्हणून मी रस्ता सोडून बांध्यांमधून मोहाडी गाठायची नि तिथून माहेराकडची बस धरायची असं ठरवलं. हातात लुगड्यांची पेटी. धुरा म्हणजे शेताचा बांध. एक धुरा, दुसरा धुरा, प्रत्येक धुऱ्यावर पळस, प्रत्येक पळसाखाली वारूळ, आणि दोन्ही बाजूंना छातीला लागणारं धान. चालून चालून पाय सुजले. एक वाकडा पळस तर मला पुन्हा भेटला, तेव्हा मी त्याला शिवी दिली. शेवटी तलावाच्या काठाला लागले. पाण्यात एक ढिवरीण, मासोळी धरणाऱ्या ढिवरांच्या घरची बाई, गळ्याइतकी बुडून शिंगाडे तोडत होती.

"कुठं जाऊन राहिली वं, पेटी घेऊन?"

"मोहाडीले."

"मंग इकडं काहून? मोहाडी तुह्या पाठीमागं राहिली." तिनं पलीकडच्या काठाकडं हनुवटी केली. "तो घाट दिसते? ते तुहंच गाव हाय. म्हैस धुऊन राहिली ते तुही सासू."

मी गोल फिरून घरीच आले होते. ती बाई इतकी हसली की तिची शिंगाड्यांची पाटी पाण्यात डुलायला लागली. "बस डोंग्यात," ती म्हणाली. "घरी सोडतो. पळाले उद्या येजो."

डोंगा म्हणजे कोरलेलं झाडाचं खोड. मी दोन्ही कडा धरून डोळे मिटले. मधोमध गेल्यावर एक डोळा उघडला. कमळाची पानं, त्यांवरून पळणारी पाणकोंबडी, तलावाच्या पाळीवर आमची माणसं मुंगीएवढी. सुंदर होतं म्हणायला हरकत नव्हती, पण मी तेव्हा जीव मुठीत धरण्यात गुंतले होते.

सासूनं म्हैस सोडली नाही. "कुठं गेलती?"

"शिंगाडे आणाले, आत्याबाई."

"शिंगाडे आणाले लुगड्याची पेटी लागते काय?"

ढिवरीण तोंडात पदर कोंबून खाली बसली. मला वाटलं, आता म्हशीची दोरी माझ्या पाठीवर येते. सासूनं म्हशीच्या पाठीवर आणखी दोन ओंजळी पाणी मारलं. मग म्हणाली, "पळाचं असन त पळ. पण वाट त शिकून घे. पळाली म्हणतीन त चालते. सून वाट भुलली म्हणतीन, त मी गावात तोंड कसं दाखवू?"

आणि तिनं खरोखर शिकवलं. सरपणाला, शेणाला, पुढं मोह वेचायला, जिथं जाईल तिथं मला सोबत नेई. "पाणी कुठं चाल्लं ते पाह्य. पाणी कधी भुलत नाही." तिच्या खुणा मात्र कुठल्या नकाशात सापडल्या नसत्या. या मोहाखाली तुहा सासरा पिऊन डुकराच्या गळ्यात हात टाकून झोपला होता. या धुऱ्यावरून पाटील सायकलसकट बोडीत गेला, टोपी तेवढी वर राहिली. या येनाच्या झाडाखालच्या देवाला हात जोड, काही देत नाही, पण मनाला लावून घेते. असं करत करत गावाची सगळी फजिती मला पाठ झाली, आणि फजितीच्या मागून झाडं, उतार, ओलीची जागा, सारसाची जोडी कुठं उतरते तेही. वाकड्या पळसाची गोष्ट मीच तिला सांगितली. तिला ती माहीत नव्हती.

उन्हाळ्यात तिनं मला एकटीला मोहाडीच्या बाजाराला पाठवलं. धुऱ्याधुऱ्यानं गेले, कुठं अडले नाही. बाजार करून निघाले तर समोर नागपूरची बस उभी. कंडक्टर ओरडत होता. मला बघून म्हणाला, "बसता काय बाई? जागा हाय."

जागा खरंच होती, खिडकीजवळची. माझ्या तोंडून निघालं, "आज नाही जमत. आमच्या बोडीत मासोळी धरून राहिले."

मलाच नवल वाटलं. पण उभं राहून नवल करायला वेळ नव्हता. बोडी आटत आली होती, आणि उशिरा पोचलं तर नुसता चिखल हाती लागतो. मी पिशवी डोक्यावर घेतली आणि सुटले.

पोचले तेव्हा सगळं गाव गुडघाभर गाळात. लुगडं खोचून मीही उतरले. हाताला काही बुळबुळीत लागलं, मी दाबून धरलं, आणि बोटात असा काटा घुसला की मी अकोल्यापर्यंत ऐकू जाईल असं बोंबलले. सिंघी होती, विषारी काट्याची मासोळी.

"सोडू नको!" पलीकडून सासू ओरडली. "दुखून त राहिलंच हाय, आता मासोळी कायले घालवतं?"

नाही सोडली. संध्याकाळी घरात तिचा रस्सा झाला. माझा उजवा हात सुजून वांग्यासारखा झालेला, म्हणून मी डाव्या हातानं जेवायला बसले. सासऱ्यांनी ते पाहून भिंतीकडं तोंड फिरवलं. मी आयुष्यातला मासोळीचा पहिला घास घेतला, काटा थुंकला आणि ताटली पुढं सरकवली.

"अजून वाढा, आत्याबाई."