उलटा एक असलेला रुपया

टांकसाळीतून चुकून बाहेर पडलेलं एखादं नाणं आपल्याला सापडावं, या ध्यासात मी काही वर्षं काढली. नोकरी बुलढाण्याला, घर मोताळ्याला. संध्याकाळी बसमधून उतरलो की ओळखीच्या दुकानांतले गल्ले चाळत बसायचो. लोकही नाणी दाखवायला आणत. बहुतेक नाणी टांकसाळीबाहेर आल्यावर कुणीतरी ठोकलेली, घासलेली, नाहीतर तापवलेली असत. मी तसं स्पष्ट सांगायचो. सांगताना मला बरंही वाटायचं.

बाबांचं वेल्डिंगचं दुकान होतं. एका बाजारच्या दिवशी त्यांनी जुना जाड रुपया माझ्या हातावर ठेवला.

"भाजीवालीनं सुट्ट्यात देल्ला. पाय बरं, कामाचा हाये का."

सिंहांच्या बाजूवर एकचा आकडा होता. उलटा, आत दबलेला. मला त्या रात्री झोप आली नाही.

असं खरंच होतं. ठोकलेलं नाणं कधी ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याची उलटी, खोल छाप पडते. पण तेव्हा मूळ ठसा झाकलेला असतो, म्हणून त्या बाजूला सिंह उमटायला नकोत. या रुपयावर ते होते. चेपलेले, पण होते. दुसऱ्या कुणी आणला असता तर मी तो तिथंच परत केला असता. हा मात्र मी मखमलीवर ठेवला.

बुलढाण्यात नाणेसंग्राहकांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तो रुपया माझ्या टेबलावर मधोमध होता. बाबाही आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. अकोल्याहून आलेल्या एक संग्राहक बाई भिंगातून बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे टांकसाळीतलं नाही हो. दोन नाणी एकमेकांवर ठेवून आवळलीत. मागच्या बाजूला आकड्याशेजारची कणसं बघा, दाणे सपाट झालेत."

मी वाद घातला. वापरून झिजलंय, म्हणालो. आवाज चढला तशी माणसं जमली. तेवढ्यात बाबा पुढं आले.

"बाई बरोबर बोलून राह्यल्या. म्या दाबलं ते, दुकानातल्या वाइसमधी आवळून. मांगं चामडं लावलं होतं, तरी चेपलंच."

कुणीतरी हसलं. बाईंनी विचारलं, "कशासाठी केलंत, काका?"

"पोरगं रोज शोधून राह्यलं होतं. त्याले काही भेटेच ना. म्हटलं, एक भेटू द्या."

बाई हसल्या नाहीत. कसं केलं ते त्यांनी आपुलकीनं विचारलं, आणि बाबा दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून त्यांना दाखवू लागले. त्यांच्या नखांत काळं होतं. मला तेवढंच दिसत होतं, आणि हे माझे वडील आहेत हे सगळ्यांना कळलंय, एवढंच वाटत होतं. मी रुपया खिशात टाकला, त्याच्यापुढं ठेवलेली 'टांकसाळीतली चूक' अशी चिठ्ठी फाडली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

परतीच्या बसमध्ये बाबांनी खिडकीजवळची जागा धरून माझ्यासाठी शेजारी रुमाल टाकला होता. मी पुढं ड्रायव्हरमागं जाऊन बसलो. राजूर घाटाच्या वळणांवर बस कलत होती आणि मी मान वळवत नव्हतो. मोताळ्याला उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुले राग आला का?"

"नाही," मी म्हणालो.

घरी मी हातपाय धुवायला मागच्या न्हाणीत गेलो. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला. ते आईला सांगत होते, "आज म्या पोराले चारचौघांत लाजवलं. म्या जायलेच नोको होतं तिथं."

आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मला बाहेर येऊन बोलायला हवं होतं. मी नळ मोठा केला आणि ताटं मांडल्याचा आवाज येईपर्यंत तिथंच उभा राहिलो.