दूध-साखरेचा साबण कोणी नासवला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आई होती तेव्हा नाही, ती गेल्यावरही नाही. पण जो भेटतो तो आमच्या साबणाचं कौतुक करतो, आणि त्या कौतुकाचा आता मला वीट आला आहे — म्हणून सांगतो.

वडील फौजेत शिपाई. ते गेले तेव्हा मी शाळेत होतो. बाजारच्या वडीत चरबी असते म्हणून आमच्या माधवगंज पेठेतल्या सोवळ्याच्या बायका आईकडून साबण घ्यायच्या — तिळाच्या आणि महुआच्या, म्हणजे मोहाच्या, तेलाचा, घरी केलेला. कॉस्टिक सोड्याने तिची बोटं सोलून निघायची. त्या बोटांवर मी बी. एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पहिला! अभिमान होता, अजून आहे. खोटं कशाला बोलू?

निकाल लागला आणि मी फर्मान काढलं — साबणात दूध-साखर घालायची. दुधाने वडी मऊ होते, साखरेने फेस वाढतो. पुस्तकात होतं. पुढच्या पानावर आणखी काही होतं का? असेल. मी पान उलटलं नाही.

आमच्याकडे दूध आलं की आधी तापायचं. तसं आईने तापवलं आणि म्हणाली, "गार होऊ दे रे. कॉस्टिक मुळातच तापतं, दूध जळेल."

"कॉलेजात तू गेली होतीस की मी?"

हे मी बोललो. आईला. आणि कढत दूध स्वतःच्या हाताने ओतलं, वर साखर. कढई उसळली, सगळं तपकिरी झालं, नाक धरावं असा वास. तो घाणा आमच्या जुन्या गिऱ्हाईक सुभेदारीणकाकूंच्या मुलीच्या लग्नाचा होता.

"काय गं हे? साबण केलायस की खरवस?" काकू कडाडल्या. "हळद उतरवायला हे लावू पोरीला? इससे तो मुलतानी मिट्टी भली!"

आणि मी — पदवीधर — काय म्हणालो? "आईनेच गरम दूध घातलं, काकू. मी नको म्हणत होतो. शिकलेली नाही ना ती."

आई कढई घासत राहिली. अहो, बोलायला काय झालं होतं तिला? एकदा खडसावायचं तरी! — बघा, अजून मी तिच्यावरच चिडतो आहे.

"हात बिघडला हिचा," म्हणत गिऱ्हाइकांची घरं तुटली. एकेक करून, जवळजवळ सगळी.

मग तिने मला न विचारता पुन्हा केला. साखर आधी पाण्यात विरघळवली. दूध ओल्या फडक्यात ठेवून गार केलं आणि शेवटी, थोडं थोडं घातलं. लोण्यासारखी वडी पडली. घरोघर ती मी नेली. काकू म्हणाल्या, "शेवटी शिकलेल्याच्याच हाताला यश!"

मी नाही म्हणालो नाही.

पुढे नई सडकेवर आमचं दुकान झालं. साबण आमच्या लष्कर शहरात सगळीकडे खपतो. वेष्टनावर माझं नाव आहे, पदवीसकट. कृती आईची आहे.