मस्कतच्या अंतराने कापलेली केळी

मस्कतला जायचं असेल तर तिकिटावरच्या वेळा बघून खूश होऊ नका. आणि नवऱ्याला अंतर तर मुळीच विचारू नका.

गावात एकच फोन होता, तेव्हाची गोष्ट. लेकीचं पत्र आलं: ‘आई, पाचवा लागला तरी पोटात अन्न ठरत नाही. आपल्या मळ्यातलं केळं खावंसं वाटतं.’ जावयाने तिकीट पाठवलं. कापूस वेचणीच्या आत परतायचं, म्हणून आठच दिवस.

माझे दीर, नाना, यांनी तिकीट वाचलं. “नऊले सुटस, सव्वादहाले पोचस. वहिनी, सव्वा तासना रस्ता शे! जळगावले जास्ती येळ लागस.”

मी मालकांना म्हटलं, मग भरलेली, पिकायला आलेली केळी कापा, दोन दिवसांत खाईल पोर. तर म्हणतात, “पंधराशे किलोमीटर शे. दिल्लीथून लांब!” आमच्याकडे दिल्लीचा माल कच्चाच कापतात, वाटेत पिकतो. यांनी त्याहून कच्चा कापला. “विमान म्हणजे काय ट्रक आहे?” मी ओरडले. पण अंधार पडला होता आणि पहाटेची एसटी. दगडासारख्या दोन फण्या पिशवीत घातल्या.

मुंबईपर्यंत पोचवायला नाना सोबत होते. चोपडा ते धुळे एसटीत कंबर मोडली. धुळ्याच्या स्टँडवर भजी खा, पण बस डोळ्यासमोर ठेवा. आमची निघालीच होती, नाना दारात लोंबकळले म्हणून थांबली. कसारा घाटात ट्रकांची रांग. मुंबई यायला सबंध दिवस गेला. वर विमानतळावर तीन तास आधी या म्हणे, आणि चहा असा महाग की कपाकडे बघतच बसावं.

उतरताना माझ्या घड्याळात पावणेबारा. मी शेजारच्याला धरलं, धरणगावचा वेल्डर होता. “सव्वादहा सांगितलं होतं ना?”

तो हसायला लागला. “अक्का, तठलं घड्याळ दीड तास मांगे शे. पावणेतीन तास उडनूत आपण.”

“मग तिकिटावर लिहायला हात मोडले का?”

“लिहेल शे ना, बारीक अक्षरमा.”

बारीक अक्षरात! चौथी शिकलेल्या बाईला!

लेक वाळून काटकी झालेली. केळी दाबून म्हणाली, “आई, ही कधी पिकायची?” घर बंद, गार हवेचं यंत्र रात्रंदिवस चालू. मी केळी गोधडीत गुंडाळली, तांदळाच्या डब्यात पुरली, रोज सकाळी दाबून पाहिली. बाजारातली आणली तर वास घेऊन तिने ताट बाजूला सारलं. आठव्या दिवशी केळी देठाशी जराशी पिवळी. आणि माझं विमान.

येताना तिकिटावर तोच प्रवास सव्वाचार तासांचा. आता फसले नाही.

मालक फाटकातच उभे. “पिकली का?” मी सरळ चुलीकडे गेले.

बारा दिवसांनी पत्र आलं. ‘तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी पिकली. चार खाल्ली, पोटात राहिली. तुझ्यासमोर खायची होती गं.’

मालकांनी नानांकडून पत्र दोनदा वाचून घेतलं. “पोटमा राहिनी ना?” एवढंच म्हणाले.

विमानाला पावणेतीन तास, पत्राला बारा दिवस. लेक किती लांब आहे ते सांगा म्हटलं नानांना, तर तिकीट शोधायला लागले.

पुढं नातू बघायला गेले तेव्हा घड मी निवडला. विळाही मीच लावला.