शेपटीचं पीस, अकरा सेंटिमीटर आठ मिलिमीटर

मुलगी पुण्याला गेली त्या वर्षी आमच्या फ्रीगंज भागातल्या छतांवर टीव्हीच्या डिश बसायला लागल्या होत्या, आणि डिशवर कबुतरं. तिला करायचा होता तो संगणकाचा कोर्स उज्जैनला नव्हता. जाऊन तीन महिने झाले तेव्हा तिचं एक पाकीट आलं. आत वहीचं अर्धं पान आणि एक करडं पीस. ‘बाबा, होस्टेलच्या खिडकीत सापडलं. कोणाचं आहे?’ एवढंच.

पिसं ओळखणं हा आमचा दोघांचा जुना उद्योग. ती सात वर्षांची असताना सुरू झाला. माझी नोकरी जमीन मोजणीची, त्यामुळे मोजल्याशिवाय काही मानायचं नाही ही सवय तिलाही लागली. रविवारी सकाळी छतावर सतरंजी घालायची, आठवड्यात सापडलेलं पीस फूटपट्टीवर ठेवायचं. आधी ती मोजणार, मग मी. आकडे जुळले तरच रजिस्टरात नोंद, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. एका पिसाला कधी कधी तास लागे. घाई दोघांनाही नसायची.

तिनं पाठवलेलं पीसही मी फूटपट्टीवर ठेवलं. अकरा सेंटिमीटर आठ मिलिमीटर. राखाडी, टोकाशी काळा पट्टा, एका कडेला पांढरट रेघ. म्हणजे शेपटीचं, अगदी कडेचं. खात्रीसाठी काळ्या छत्रीच्या कापडावर घासलं, तर पांढरी भुकटी उतरली. कबुतराच्या पिसाची ही खूण. त्याच दिवशी उत्तर लिहिलं: साधं कबूतर, शेपटीचं कडेचं पीस, मापं अशी अशी. खाली ‘तब्येत जपणे’. टावर चौकातल्या पेटीत पत्र टाकून आलो. काम वेळेत झालं याचं समाधान वाटलं.

मग सहा आठवडे तिचं पत्र नाही. एरवी दर दहा दिवसांनी यायचं. टपालाला लागणारे दिवस धरले, परीक्षेचे वजा केले, तरी मेळ बसेना. शेवटी बायकोला विचारलं, तुला काही कळवलंय का. ती मेथी निवडत होती. तिनं उलट मलाच विचारलं, तुम्ही काय लिहिलं होतं. मी सांगितलं, छत्रीवर घासून खात्री केल्याचंही.

“अहो, छत्रीची युक्ती कोणी शोधली?”

मुलीनंच शोधली होती, नऊ वर्षांची असताना, माझ्या ऑफिसच्या छत्रीवर. रजिस्टरात कबुतरासमोर ‘पावडर लावतं’ असं तिच्याच अक्षरात आहे.

“तिला काय कबूतर ओळखता येत नव्हतं? पोरीला घर आठवत होतं. तुम्ही पोस्टमार्टमचा रिपोर्ट पाठवलात.”

मी रजिस्टर काढून पाहिलं. कबुतराच्या सत्तेचाळीस नोंदी होत्या. सत्तेचाळीस वेळा आम्ही दोघं तेच पीस, तोच पट्टा बघत बसलो होतो. नवं काही कळावं म्हणून नक्कीच नव्हे. हे मला तेव्हा सुचलं असतं तर पत्रात दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या.

त्या रविवारी छतावर एकट्यानंच सतरंजी घातली. डिशखाली पीस पडलेलं होतं, राखाडी, टोकाशी काळा पट्टा असलेलं. मोजलं नाही. तसंच पाकिटात घातलं आणि लिहिलं, ‘हे कोणाचं? मला ओळखता येत नाही.’ नोकरीत असो की घरात, जाणूनबुजून खोटं मी तोवर कागदावर लिहिलं नव्हतं.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. तिनं पीस परत पाठवलं होतं. सोबत एकच ओळ: ‘एकट्यानं मोजलेलं चालत नाही. फूटपट्टी घेऊन या.’

मी चार दिवसांची रजा टाकली. बॅग भरताना बायको म्हणाली, फूटपट्ट्या पुण्यातही मिळतात. मी आमची जुनीच कपड्यांवर, सगळ्यात वर ठेवली.